पेरू-अंजिराची रंगीत तालीम

पडदा वर जातो तेव्हा सकाळचे साडेआठ वाजलेले असतात. एका बैठ्या घराचं मागचं अंगण. लांबी बारा पावलं, रुंदी नऊ. एका टोकाला सिमेंटची टाकी, दुसऱ्या टोकाला घराची भिंत आणि त्या भिंतीत एक रुंद खिडकी. टाकीजवळ घराकडे तोंड करून ठेवलेली एक खुर्ची. थंडीचं कोवळं ऊन. आणि मधोमध, कालपर्यंत जिथे नुसती खडूची फुली होती तिथे, बारा फूट उंच पेरूचं झाड. पानांनी गच्च, फळांनी लगडलेलं.

शेजारचे निवृत्त पोस्टमन आपल्या कमरेएवढ्या भिंतीपलीकडे दात घासत उभे होते. त्यांचा ब्रश तोंडातच राहिला.

"मामा," फेस सावरत ते म्हणाले, "काल हे नव्हतं ना इथे?"

"नव्हतं."

"मग खत कुठलं वापरता तेवढं सांगा."

झाडामागून मामा बाहेर आले. कानावर पेन्सिल, ओठांत दोन खिळे, केसांत लाकडाचा भुसा आणि चेहऱ्यावर पहिल्या प्रयोगाच्या सकाळी असते ती लगबग. खिळे हातात घेऊन ते म्हणाले, "आज पेरूची तालीम आहे. दुपारनंतर अंजीर उभा करतो. बघायला या."

मामा नाटक कंपनीतले सुतार. बेचाळीस वर्षं त्यांनी रंगमंचावर झाडं उभी केली. वादळात मोडून पडणारी, नायिकेने खोडाला टेकून रडायची, झाडाचा राक्षस झाला की चालू लागायची. म्हणून कंपनीत त्यांचं नावच पडलं होतं जंगलमामा. त्यांचं काम इतकं हुबेहूब असे की एकदा मध्यंतरात एका भुकेल्या राजाने त्यांच्या आंब्याला कचकन दात लावला. आंबा कागदाच्या लगद्याचा होता. राजाचा पुढचा दात पडला आणि उरलेलं नाटक त्याने तोंडावर हात ठेवून केलं. प्रेक्षकांना वाटलं, राजा फार दुःखात आहे.

पण खरं झाड मामांच्या हातून एकही लागलं नव्हतं. जन्म भाड्याच्या दोन खोल्यांत गेलेला. तिथे दाराशी ठेवलेला कुंडीतला पुदिनासुद्धा आठवड्यात मान टाकायचा. निवृत्त झाल्यावर हे अंगणाचं घर मिळालं आणि मामा लहान मुलासारखे हरखले. अंगणात जागा होती एकाच झाडाची. मनात झाडं होती दोन.

त्यांनी वही घेतली आणि रोपवाटिकेत जाऊन तिथल्या बाईंचा पिच्छा पुरवला. पेरू किती उंच जातो, अंजीर किती पसरतो, पान केवढं, फळ कधी. बाईंनी सगळं सांगितलं. पेरूचं कलम दोन-तीन वर्षांत फळावर येतं, खोड गुळगुळीत, बाराही महिने हिरवं. मात्र पाखरं आणि फळमाशी त्याला सोडत नाहीत. अंजिराची फांदी खोचली तरी लागते, फळ तितक्याच वेळात मिळतं, पण चीक अंगावर उडाला तर खाज सुटते, मुळं पाण्याच्या वासाने नळापर्यंत जातात आणि थंडीत दोन-अडीच महिने सगळी पानं गळून नुसत्या काठ्या उरतात.

मामांनी शेवटच्या वाक्याखाली दोन रेघा ओढल्या. ऐन हंगामात रजेवर जाणारा नट कंपनीला काय कामाचा? पेरू कसा, बारा महिने रंगमंचावर हजर. मनातून त्यांनी पेरूला केव्हाच भूमिका देऊन टाकली होती.

"लवकर ठरवा," बाई म्हणाल्या. "पेरूचं चांगलं कलम एकच उरलंय. आणि मामा, हे तुमच्या नाटकातलं झाड नाही बरं. एकदा लावलं की हलवता यायचं नाही."

हे वाक्य मामांच्या मनात रुतलं. हलवता येणार नसेल, तर आधी तालीम नको का घ्यायला? कंपनीच्या गोदामातून जुनं प्लायवूड आलं. दहा वर्षांनी झाडं जेवढी होतील तेवढी मामांनी कापली, फांद्या जोडल्या, रंगवल्या. पानं मामींकडे.

मामी कंपनीच्या कपड्यांच्या विभागात होत्या. तो विभाग तळघरात. राजांचे अंगरखे, भिकाऱ्यांच्या चिंध्या, सगळं त्यांनी ट्यूबलाइटच्या उजेडात शिवलं. बाहेर पाऊस आहे की ऊन, हे त्यांना येणाऱ्या नटांच्या चपला बघून कळायचं. या घरात आल्या आल्या त्यांनी एकच केलं. शिवणयंत्र उचलून मागच्या खिडकीत ठेवलं. आता तिथे बसून त्या नातीचे फ्रॉक शिवत. गेले पंधरा दिवस फ्रॉक बाजूला ठेवून बकरमच्या कडक कापडाची पानं कापत होत्या आणि एकेक पान फांदीला टाचत होत्या.

"पानं जरा विरळ ठेवू का हो?" त्यांनी एकदा विचारलं होतं.

"अगं, गच्च हवीत. शेवटच्या रांगेतून दिसली पाहिजेत."

"शेवटच्या रांगेत पोस्टमन आहेत. त्यांना चष्म्यानेही दिसत नाही."

तर आज पेरू उभा होता. मामा खुर्चीत बसले, उठले, फांदी बोटभर वळवली, पुन्हा बसले. त्यांच्या पाठीमागून येणारं ऊन पडून पान न् पान झळकत होतं. त्यांना राहवेना. हे एकट्याने बघायचं दृश्यच नव्हतं. ते धावतच घरात गेले.

"चल बाहेर. तुला पहिल्या रांगेत बसवतो."

मामी शिवणयंत्रावर वाकल्या होत्या. सकाळचे दहा वाजलेले आणि डोक्यावर दिवा पेटलेला. उजव्या हातात दोरा, डाव्या हातात सुई नाकाशी आणलेली. दोरा सुईच्या अलीकडून जात होता, मग पलीकडून. तिसऱ्यांदाही चुकला.

"येते. एवढा दोरा ओवते," त्या म्हणाल्या.

मामांनी खिडकीकडे पाहिलं. खिडकीत पेरू होता. म्हणजे पेरूची पाठ, काळी, टेकू लावलेली, आणि तिची सावली यंत्रावरून थेट मामींच्या मांडीपर्यंत आलेली.

"इथून असं दिसतं?" मामांनी विचारलं.

"मला सवय आहे. बेचाळीस वर्षं विंगेतून तुमची झाडं मी मागूनच बघितली. छान आहे हो पेरू."

"छान काय, अंधार झालाय नुसता."

"दिवा आहे ना."

मामा तडक वळले. बाहेर आले आणि दुपारची वाट न बघता त्यांनी पेरू आडवा करून अंजीर उभा केला. घामाघूम होऊन पुन्हा आत धावले. खिडकीत तेवढाच अंधार. उलट अंजिराची पानं पंजाएवढी, त्यामुळे होती ती फटही गेली.

ते पायरीवर बसले. पोस्टमन भिंतीवर कोपर टेकून खेळ बघत होते.

"काय झालं? नायक आजारी पडला का?"

"झाड नकोच," मामा म्हणाले. "हिला जन्मात एक खिडकी मिळाली. तिच्यापुढे मी जंगल उभं करतोय. उद्या बाईंना नाही म्हणून सांगतो."

खिडकीतून हे ऐकू गेलं असावं. मामी कात्री घेऊन बाहेर आल्या, स्टूल ओढलं आणि त्यावर चढल्या.

"अगं, काय करतेस?"

"स्टूल धरा. बोलू नका."

त्यांनी अंजिराच्या पहिल्या पानाचा टाका कापला. पान खाली पडलं. मग दुसरं. पंधरा दिवसांचं शिवण त्या सरासर उतरवू लागल्या.

"वहीत काय लिहिलंय तुम्ही? थंडीत पानं गळतात. आत्ता काय चाललंय, थंडीच ना? मग भरल्या पानांनी कशाला उभं केलंत याला? तुमची जुनी खोड आहे ही. सगळ्या प्रवेशांना एकच पोशाख."

मामा बघत राहिले. खरंच की. झाड म्हटलं की त्यांच्या हातून ते बहरलेलंच निघायचं.

"आणि उन्हाळ्यात?" त्यांनी विचारलं. "तेव्हा पानं असतील."

"असायलाच हवीत. दुपारी यंत्राची लोखंडी कड हाताला चटका देते. तेव्हा सावली हवीच आहे मला. आणि उन्हाळ्यात उजेडाला काय तोटा."

आता मामांच्या अंगात वारं शिरलं. त्यांनी खालच्या फांद्यांची पानं स्वतः ओरबाडायला घेतली. पोस्टमनही भिंत ओलांडून आले आणि जमेल तिथली पानं तोडू लागले. घटकाभरात अंजिराच्या काठ्या उरल्या. मामा आत पळाले. यंत्रावर ऊन आलं होतं, फांद्यांच्या बारीक रेघांसकट. त्यांनी दिवा मालवला. मामी येऊन बसल्या, सुई धरली, दोरा ओठांत ओला केला आणि एका दमात आरपार घातला.

मामा पुन्हा बाहेर. खडूची फुली पायाने पुसली, अंजीर हातभर टाकीकडे सरकवला, आत जाऊन यंत्रावर हात धरून बघितलं, बाहेर येऊन परत वीतभर इकडे. असं सात वेळा. आठव्या खेपेला नवी फुली पडली आणि मामांनी वही उघडून दोन रेघांच्या त्या वाक्यापुढे मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'निवड पक्की'. मग नळापासूनचं अंतरही मोजून ठेवलं, मुळांचा भरवसा नको म्हणून.

पोस्टमन मात्र आडव्या पडलेल्या पेरूभोवती घुटमळत होते.

"याचं काय करणार? मला द्या ना. पाणी घालायला नको, पाखरं यायची नाहीत, माझ्यासारख्या आळशाला फार सोयीचं झाड."

मामांनी पेरूचं एक टोक उचलून त्यांच्या हातात दिलं, दुसरं आपल्या खांद्यावर घेतलं आणि भिंतीपाशी येऊन थांबले.

"न्या, खुशाल न्या. पण पलीकडच्या भिंतीला लावा. इकडे उभं केलंत, तर संध्याकाळी हिच्या यंत्रावर सावली यायची."