माशाच्या रश्शातली दारू

फोस्को बर्दात्सीचा सगळा जन्म इथं इटलीत, प्रातो शहरातल्या कारखान्यात लोकर रंगवण्यात गेला. माझ्या खालच्या मजल्यावर राहतो तो. वसंतात त्याची बायको लोरियाना गेली. दफनाच्या वेळी तो रडला नाही, नंतरही नाही. लोक म्हणाले, धीराचा माणूस. धीर वगैरे काही नव्हतं. आत काही हलतच नव्हतं.

नेहमीच्या दुकानात मात्र त्याला पाऊल टाकवेना. प्रत्येक फळीवर तिचीच खरेदी: तिची बिस्किटं, तिची कॉफी. म्हणून तो कोपऱ्यावरच्या चिनी सुपरमार्केटात जायला लागला. तिथल्या एकाही वस्तूला तिचा हात लागला नव्हता. एखादी अनोळखी बाटली उचलायची आणि बाहेरच्या कट्ट्यावर बसून संपवायची. कधी उसाचा रस, कधी कोरफडीचे तुकडे तरंगणारं पाणी, कधी शेंगदाण्याचं दूध.

"असतं तरी काय रे त्यात?" मेव्हणी इवाना विचारायची.

"थंड असतं."

दुकानाच्या गल्ल्यावर मेइफेन बसायची. आईबाप चीनचे, पण ती इथंच जन्मलेली, बोलायला आमच्याहून पक्की प्रातोकर. एका दुपारी तिनं विचारलं, "काका, काल ती तपकिरी बाटली कुणासाठी नेलीत?"

"मीच प्यायलो."

"प्यायलात? अहो, ती माशाच्या रश्शात घालायची दारू! मीठ असतं त्यात. घोटभरसुद्धा तोंडात धरवत नाही!"

फोस्कोनं जरा विचार केला. "असेल. मला कळलं नाही."

मेइफेनला हसू फुटणार होतं, पण त्याचा चेहरा पाहून ते विरलं. "घरात कुणी बोललं नाही तुम्हाला?"

"घरात कोण आहे? बायको गेली माझी."

आजवर हे त्याच्या वतीनं दुसरेच कुणी सांगत आले होते. स्वतःच्या तोंडून ते आज पहिल्यांदा निघालं, तेही मागे रांग खोळंबलेली असताना. मेइफेननं सांत्वन केलं नाही. गल्ल्यामागचं स्टूल पुढे सरकवलं.

"बसा इथं. यापुढे बाटली मी निवडणार. चिनी वाचता येतं का तुम्हाला? मग!"

तेव्हापासून तो तिथं बसतो. दुपारी तिची सासू सगळ्यांना शेवया वाढते, त्यालाही एक वाडगा देते. दोघांना एकमेकांची भाषा येत नाही, त्यामुळे बरं चाललंय.

गेल्या रविवारी इवाना त्याच्या घरी आली होती, मीही होतो. फोस्कोनं तिच्यापुढे वाळवलेल्या आंबट आलुबुखाराचं सरबत ठेवलं. घोट घेऊन तिनं तोंड वेंगाडलं.

"शी! धुराचा वास येतोय याला."

"येतो खरा," फोस्को म्हणाला. "मलाही आला."

ती त्याच्याकडे बघत राहिली. त्यानं तिचा पेला आपल्याकडे ओढला आणि उठून बाल्कनीचं दार लावून घेतलं. बाहेर वारं सुटलं होतं.