मेधाचं बधिर बोट

आधीच सांगून ठेवतो, असल्या गोष्टींवर माझा काडीचाही विश्वास नाही. अठरा वर्षं जहाजांच्या इंजिन रूममध्ये काढली आहेत. तिथे मशीनने वेगळा आवाज केला की त्याला कारण असतंच, आणि ते सापडेपर्यंत जेवण नाही. ग्रुपवर कुणी सावल्यांचे नि पैंजणांचे किस्से टाकले की सगळ्यांत आधी फिदीफिदी हसणारा मीच... त्यामुळे हे लिहिताना जरा ओशाळल्यासारखं होतंय. पण बायकोचं कौतुक आहे, तेव्हा लिहिणारच!

मी मूळचा रत्नागिरीचा. आता जहाजं सोडून सिंगापुरात तांजोंग पगारला ऑफिसात बसतो, राहतो बुकित तिमाहला. माझी बायको मेधा. तिचे उकडीचे मोदक म्हणजे... अहो, एकवीस कळ्या, मोजून घ्या! इथल्या आमच्या मराठी गोतावळ्यात तिच्यापुढे कुणाची टाप नव्हती. गेल्या वर्षी कॉन्डोच्या ओल्या पायऱ्यांवरून घसरली आणि उजवं मनगट मोडलं. हाड जुळलं, पण अंगठ्याशेजारचं बोट बधिर झालं ते झालंच. वर्षभराने डॉक्टरांनी तिला डोळे मिटायला लावून त्या बोटाला सुई टोचली. हिला पत्ताच नाही. "जे परत यायचं होतं ते आलंय," एवढं बोलून त्यांनी फाईल मिटली.

मोदकाची पारी किती पातळ झाली, हे तिला तेच बोट सांगायचं. "यंदा लिटिल इंडियातून विकत आणू," म्हणत तिने मोदकपात्र वरच्या कपाटात पार मागे ढकललं. रडली नाही. रडली असती तर मला बरं वाटलं असतं.

आता माझ्या छंदाबद्दल. शनिवारी सकाळी मी लोअर सेलेतारच्या जलाशयावर गळ टाकायला जातो. तिथे जिवंत आमिष चालत नाही, म्हणून मऊ प्लास्टिकची बोटभर अळी, केसासारखा बारीक दोरा, आणि वजन जवळजवळ नाहीच. तिकडे अमेरिकेत बास माशांसाठी निघालेली ही हलक्या हाताची पद्धत, इथे पीकॉक बासला चालते. अळी हळूहळू बुडू द्यायची, दोरा बोटावर धरायचा. मासा अळी नुसती चाखून बघतो ते 'टक्' बोटाला कळलं पाहिजे. पण मेधा श्रावण कडक पाळते. महिनाभर माशाला इजा करायची नाही! म्हणून श्रावणात मी पकडीने गळाचं टोकच कापून टाकतो. मासा लागत नाही, नुसते 'टक्' मोजायचे. मित्र म्हणतात, हा याचा उपासाचा गळ.

या श्रावणात एका शनिवारी मेधा पोह्यांचा डबा घेऊन सोबत आली. कॉफी ओतून घ्यायला मी रॉड तिच्या हातात दिला. माझं बघून तिने दोरा बोटावर घेतला... त्याच बोटावर.

"आला," ती म्हणाली.

"कोण आला?"

"अरे, मासा. बोटाला कळलं."

मी पाण्यात पाहिलं. कडेचं पाणी उथळ नि स्वच्छ. शेवाळाआडून पीकॉक बास निघाला होता, शेपटीवर काळा ठिपका. पण अळीपासून तो अजून वीतभर लांब होता! मग पुढे आला, अळी चाखली, थुंकली आणि गेला.

मी इंजिनियर माणूस, सोडतो काय? तिच्या ओढणीने तिचे डोळे घट्ट बांधले आणि मी पाण्यावर नजर ठेवून उभा राहिलो. सात वेळा मासा आला. सातही वेळा मासा वीतभर लांब असतानाच ती म्हणाली, "आला." मग मी गुपचूप दोरा स्वतः ओढला. चांगला जोरात. ही ढिम्म! गरम कॉफीचा कप हळूच बोटाला टेकवला. काही नाही.

"आज कुणी येईना," ती म्हणाली.

मी कप खाली ठेवला. तिने ओढणी काढली आणि पहिला प्रश्न काय विचारावा? "माझे आठ. तुझे सकाळपासून किती?"

माझे तीन होते. पण खरं सांगतो, हरल्याचा इतका अभिमान मला जन्मात कधी वाटला नव्हता.

घरी आल्या आल्या तिने मोदकपात्र खाली काढायला लावलं. "माशाचं आधी कळतं, तर पारी फाटायचं नाही कळणार?" गणपतीला एकवीस मोदक केले. एकही फाटला नाही. डबा घेऊन मी घरोघर फिरलो, "मोजा कळ्या!" म्हणत. लोक कंटाळले असतील. कंटाळू देत.

पुढच्या आठवड्यात डॉक्टरांकडे गेलो. पुन्हा सुई, पुन्हा शून्य. सगळं ऐकून ते इथल्या इंग्रजीत म्हणाले, "कान्ट बी, लाह." म्हणजे, शक्यच नाही.

एक गोष्ट मात्र मी कुणाला सांगितली नव्हती. MRT मध्ये, म्हणजे इथल्या मेट्रोत, मी नेहमी तिचं तेच एक बोट धरून बसतो. जुनी सवय. अपघातानंतर तिला ते कळायचं नाही. माशाचं कळतं, माझं नाही, हे मला आत कुठेतरी लागायचं.

परवा ती मला ऑफिसजवळ येऊन भेटली; MRT ने परतताना शेजारी बसली होती, नजर समोरच्या काचेकडे. मनात आलं, बोट धरावं. हात अजून माझ्या खिशातच होता, शपथेवर सांगतो.

काचेकडेच बघत मेधा म्हणाली, "आला."

कारण मला अजून सापडलेलं नाही. तरी त्या रात्री मी पोटभर जेवलो.