एंटर दाबण्याआधी

लतीफभाई गेल्याचं मला शाळेच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कळलं. पहिला मेसेज आमच्या शाळा समितीच्या अध्यक्षांचा. 'आपल्या संगणक कक्षाचे शिल्पकार हरपले…' आणि त्याखाली जोडलेल्या हातांची रांग. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. खरं तर आधी रडू यायला हवं होतं, ते नंतर आलं. आता महिना उलटून गेला, तरी तो राग तसाच आहे आणि हे लिहून तो उतरेल असंही मला वाटत नाही.

लतीफभाई रोह्याचे. बरीच वर्षं आखातात एका कंपनीच्या कॉम्प्युटर विभागात काढली आणि परत येऊन रोह्यात दुरुस्तीचं दुकान टाकलं. मी कासूजवळच्या शाळेत गणित शिकवते. कुणालाच नको म्हणून संगणकही माझ्या गळ्यात पडला होता. कुठल्याशा कंपनीने वापरून टाकलेली चौदा मशिन्स आमच्याकडे होती. बटण दाबून सगळ्या वर्गाची हजेरी घेऊन झाली, तरी पडद्यावर काही उमटत नसे. लतीफभाईंना एकदा दाखवायला बोलावलं, तेव्हा मी नव्या संचांसाठी अर्ज केल्याचं सांगितलं. ते हसले. "नवीन कशाला, बाई? आधी उघडून तं बघा आत काय काय साठलंय." साठलेलं बरंच होतं. धूळ, जाळी, पालीची अंडी. त्यांनी रंगाच्या ब्रशने सगळं झाडलं, एका पोराच्या कंपासमधला खोडरबर मागून घेतला आणि मेमरीच्या पट्टीची सोनेरी टोकं घासघासून लख्ख केली. एवढ्यावर चार मशिन्स जागी झाली. मशीन सुरू होताच आपोआप चालू होणारे डझनभर प्रोग्रॅम त्यांनी मला एकेक करून बंद करायला लावले. "ह्ये सगळे न बोलावता जेवायला बसलेत. उठवा त्यांना." उरलेल्या दहांवर त्यांनी फुकट मिळणारी हलकी सिस्टिम टाकली. त्यात मशीन सुरू झालं की नुसता काळा पडदा आणि कोपऱ्यात लुकलुकणारी पांढरी रेघ. पुढचं काय ते पोरांनी टाइप करायचं.

त्यानंतर दर शनिवारी ते गाडी पकडून यायचे, ते अगदी परवापरवापर्यंत. माउसला हात लावू द्यायचे नाहीत. आठवीतल्या सानिकाच्या मामांचा हमरापूरला गणपतीचा कारखाना आहे. त्यांच्या शेकडो मूर्तींच्या फोटोंना कॅमेऱ्याने दिलेली अगडबंब नावं होती. गिऱ्हाईक फोनवर एक मूर्ती सांगायचं आणि मामा दुसरीच काढून ठेवायचे. सानिकाने एका ओळीची आज्ञा लिहिली आणि सगळ्या फोटोंना ओळीने नंबर पडले. न्यायला आलेले मामा नुसते बघत राहिले. "अगो, काय केलास काय गो तू?"

पण त्याच दिवशी, त्याआधी घटकाभर, तिने सगळं जवळजवळ घालवलंच होतं. हललेले फोटो पुसायची आज्ञा तिने बरोबर लिहिली होती, फक्त ती भलत्याच फोल्डरमध्ये होती. चांगले फोटो होते त्यात. बोट एंटरवर गेलं तेव्हा मागून लतीफभाई ओरडले, "हात वर! कुठं उभी हायस ते बघ आधी. इथं कचऱ्याचा डबा नाय, गेलं ते गेलं." मग त्यांनी सगळ्या वर्गाला सवय लावली. ओळ लिहायची, दोन्ही हात उचलून मांडीवर ठेवायचे, ओळ मोठ्याने वाचायची, मगच एंटर. चौदा पोरं हात मांडीवर ठेवून पुटपुटताना पाहिली की मला हसू यायचं. 'एंटरच्या आधी वाचा' असा कागदही त्यांनी भिंतीवर चिकटवला.

यंदा अध्यक्ष कक्ष बघायला आले. एका मशीनचं बटण दाबलं, माउस हलवला, काळा पडदा काही हलेना. दुसऱ्यावर तेच. "सगळीच बंद पडलीत की!" मी वर्गावर होते. शेजारी बसलेल्या मुलीला विचारावं, असं त्या शहाण्याला सुचलं नाही. आठवड्याने शिपाई कागद घेऊन आला. मी सहामाहीचे पेपर तपासत होते. नव्या संचांच्या मागणीचा असेल, असं धरून मी न वाचता सही ठोकली. ती निर्लेखनाची यादी होती… चौदा संच, नादुरुस्त, भंगारात काढण्यायोग्य. टेंपो आला तेव्हा कळलं. मी भांडले, रडले, पण अध्यक्ष मला माझीच सही दाखवत राहिले.

त्या शनिवारी लतीफभाई नेहमीसारखे आले. रिकाम्या टेबलांवर धुळीचे चौकोन तेवढे राहिले होते. "सही कुणाची लागली?" त्यांनी विचारलं. मी सांगितलं. "वाचलात नाय?" मग "गाडी चुकंल" म्हणून ते निघाले. मला त्यांचाही राग येतो. पोरांवर ओरडायचे तसं माझ्यावर का नाही ओरडले? तीन आठवड्यांनी ते दुकानातच गेले, हृदयाचा झटका आला. त्यांचं हृदय आधीपासून कमजोर होतं, त्यामुळे कक्षाच्या धक्क्याने गेले असं मी म्हणणार नाही. पण माझ्याशी शेवटचं बोलले ते एवढंच.

परवा अध्यक्षांनी शोकठराव सह्यांसाठी फिरवला. पेन घेऊन शिपाई दारात उभा. कक्षात आता तुटके बाक रचलेत, भिंतीवरचा कागद मात्र आहे. मी ठराव टेबलावर ठेवला, दोन्ही हात मांडीवर घेतले आणि मोठ्याने वाचायला लागले. 'त्यांनी उभारलेला संगणक कक्ष शाळा प्राणपणाने जपत आहे…'

"बाई, सही?" शिपाई म्हणाला.

मी हात उचलले नाहीत.