उन्हात वाळवलेले सेल

तुम्ही फोनमध्ये आवाज साठवता आणि विसरून जाता. आमच्या घरी एकदा एक आवाज ऐकायला जुनेच सेल लागले होते, ती गोष्ट लिहून ठेवते.

तारापूरला वीजकेंद्राचं बांधकाम चालू होतं. तुमचे आजोबा तिथे इंजिनियर होते आणि आम्ही बोईसरला राहत होतो. परदेशी प्रशिक्षणाहून परतताना त्यांनी छोटा टेपरेकॉर्डर आणला होता: दोन फिरक्या, एक माईक आणि पोटात टॉर्चचे चार सेल. उतरलेले सेल मी टाकत नसे. उन्हात वाळवले की ते आणखी थोडे चालत. तांदूळ असोत की सेल, आधीचं आधी संपवायचं, ही माझी शिस्त.

जवळच्या सरावली गावची एक वारली म्हातारी आमच्याकडे भाजी आणायची. ती धवलेरी होती, म्हणजे गाणी म्हणून लग्न लावणारी. आता तिला दम पुरत नव्हता. नातवाचं लग्न लावलं की ती थांबणार होती, पुढे धाकटी सून गाणार होती. पण एका लांबलचक गाण्याचा अर्धा भाग सुनेला येत नव्हता, आणि लग्नाच्या मांडवाबाहेर ते गाणं तोंडातून काढायचं नाही, असा म्हातारीचा नेम होता.

"बाय, तुजा डबा गाईल ना?" टेपरेकॉर्डरकडे बोट दाखवत तिने मला विचारलं. "त्याला कुटं नेम हाय?"

लग्नाच्या दिवशी मी मशीन घेऊन मांडवात गेले. शिस्तीप्रमाणे आत वाळवलेले सेल घातले होते. म्हातारी सावकाश गायली. फिरक्या शेवटपर्यंत फिरल्या.

पुढच्या रविवारी सासू-सून आमच्या ओट्यावर येऊन बसल्या. पाहुण्यांसाठी म्हणून मी नवे सेल काढले. बटण दाबलं, तर आतून एका पोरीचा चिरका, घाईघाईचा आवाज आला.

"ही कोन?" म्हातारीने विचारलं.

"तूच की, आय!" सून पदरात तोंड लपवून हसत होती.

"मी? वाग मागं लागला तरी मी एवडी धावायची नाय!"

आम्ही तिघी पोटभर हसलो. मग ती हळूच म्हणाली, "मंग गानं गेलं का, बाय?"

मी पुन्हा बटण दाबलं, पुन्हा तीच पोरगी. आवाज ऐकून तुमचे आजोबा बाहेर आले. म्हणाले, "मांडवात उतरलेल्या सेलवर फिरकी हळू फिरली असणार. नव्यांवर ती पळतेय. ते जुने टाकले का?"

ते खिडकीत उन्हात होते.

ते घातले आणि म्हातारीचा आवाज आला. अगदी तंतोतंत नाही, पण तिचाच. जाडसर, मधे मधे श्वासासाठी थांबणारा. सून मिटल्या ओठांनी ऐकत होती. दोनदा पूर्ण ऐकून झालं. तिसऱ्यांदा फिरकी रेंगाळली, आवाज घोगरा झाला आणि बंद पडला.

"आदी पोरगी, आन शेवटी बाप्या झाली मी," म्हातारी म्हणाली. मग सुनेकडे वळली. "आलं?"

सुनेने मान डोलावली.

पुढच्या वर्षी एका लग्नात मी सुनेला गाताना ऐकलं. गाणं कुठे अडलं नाही. ती तरुण होती, दम भरपूर होता. तरी म्हातारी जिथे जिथे श्वासासाठी थांबली होती, तिथे तिथे तीही थांबत होती.