लाल बटण सोडून

"ग्लॉकोमा आहे. पेशंटला सांगा, गेलेली नजर परत येत नसते," परभणीच्या दवाखान्यात डोळ्यांचे डॉक्टर माझ्या नवऱ्याला म्हणाले. पेशंट त्यांच्यापासून हातभर अंतरावर स्टुलावर बसली होती. डोळे गेले होते, कान शाबूत होते. तरी त्या दिवसापासून माझ्याविषयी जे काही बोलायचं ते लोक ह्यांच्याशी बोलू लागले.

ग्लॉकोमा म्हणजे काचबिंदू. डोळ्यातलं पाणी नीट निचरत नाही, दाब वाढतो आणि नजरेची नस हळूहळू सुकत जाते. माझ्या बाबतीत दुखलं खुपलं काहीच नाही. नजर कडेने गेली. दाराच्या चौकटीला खांदा लागायचा, वर्गात फळ्याच्या टोकाला बसलेली पोरं दिसायची नाहीत. मी आपली चष्मे बदलत राहिले. तुमच्या घरात कुणी असं धडकत असेल तर त्याला वेंधळा म्हणू नका, डोळ्यांचा दाब तपासून घ्या. मला सगळ्यांनी वेंधळी म्हणून घेतलं.

मग बोरीहून परभणीच्या खेपा सुरू झाल्या. विद्यापीठाच्या नामांतराच्या आंदोलनामुळे एसटी कधी धावायची, कधी नाही, आणि तारीख चुकली की दवाखान्यात बोलणी आम्हीच खायची. बाकावर फिनेलचा आणि कोपऱ्यातल्या पिचकाऱ्यांचा वास. शेजारी बसलेल्या बाया माझ्या तोंडावर चुकचुकायच्या. त्या चुकचुकण्याची मला फिनेलपेक्षा जास्त शिसारी यायची.

मी बोरीच्या शाळेत शिक्षिका. मुख्याध्यापक म्हणाले, तोंडी शिकवता येत असेल तर शिकवा, नाहीतर घरी बसा. त्यांना वाटलं मी घरी बसेन. मी ह्यांना टेपरेकॉर्डर घ्यायला लावला, हातात धरून न्यायचा, सेलवर चालणारा. हे धडा वाचून कॅसेटवर भरणार, मी तो ऐकून पाठ करणार, आणि शिकवताना सुचेल ते, मुलांनी दिलेली उत्तरं, असं सगळं मी त्यात बोलून ठेवणार. माझी वही म्हणजे तो टेप. तो चालला तर नोकरी, नाहीतर चूल.

परभणीचा दुकानदार समजावताना म्हणाला, "लय सोपं हाय बाई. लाल बटन सोडून कोणतंबी दाबा."

लाल. मला म्हणाला हे. आणि हसला पण नाही, म्हणजे मनापासूनच म्हणाला.

बटणं सहा, सगळी एका मापाची, गुळगुळीत. ज्या कुणी तो टेप बनवला त्याला गाणं ऐकणाऱ्याचे डोळे मिटलेले असू शकतात हे सुचलंही नसावं. मी हात फिरवून एक दाबलं. आवाज येईना. "अगंबाई, वाजत कसं नाही," असं पुटपुटत बसले. मागे नेऊन पुन्हा लावलं, तर ह्यांनी घसा खरवडून वाचलेल्या इतिहासाच्या धड्यावर माझंच "अगंबाई" आणि सासूबाईंच्या भांड्यांचा आवाज. दाबलं होतं ते लाल, आवाज भरायचं बटण. धडा पुसला गेला. असं पुन्हा झालं, आणि आणखी एकदा झालं. दिवसभर सोसायटीत कारकुनी करून आलेला माणूस तोच धडा परत परत वाचायचा, आणि चिडायचा नाही. मलाच ओशाळल्यासारखं व्हायचं.

एक दिवस शाळेतून येऊन टेपमध्ये बोलायला बसले, तर कडेच्या लाल बटणाच्या जागी बोट आत गेलं. पडलेल्या दाताच्या हिरडीसारखी खाच. मी ह्यांना विचारलं.

"मीच काढलं," हे म्हणाले. "तुला तरास नको म्हून. आता कोणतंबी दाब, काईच पुसायचं न्हाई."

"आणि मी बोलायचं कशात?"

"तू आयक की. मी हाय ना वाचायला."

मला किळस आली. ह्यांची नाही. त्या प्रेमळ आवाजाची आली, जो डॉक्टरांकडे होता, बाकावरच्या बायांकडे होता आणि आता माझ्या घरात येऊन बसला होता. आंधळ्या बाईने ऐकायचं तेवढं. वही काढून घेतली आणि वर म्हणायचं, सोय केली.

त्या रागात मी कॅसेटी चाचपत बसले. विकतच्या गाण्याच्या कॅसेटीला मागच्या कडेला दोन भोकं लागली. आमच्या कोऱ्या कॅसेटींना त्याच जागी प्लॅस्टिकच्या बारीक पट्ट्या होत्या. पुढच्या तारखेला परभणीला गेल्यावर दुकानदाराला विचारलं. ती पट्टी मोडली की त्या कॅसेटीवर काही भरता येत नाही, म्हणून असलेलं पुसलं जात नाही, असं त्याने सांगितलं.

"मग आधी का नाही बोललात?"

"सगळ्यायलाच ठावं असतंय, बाई."

घरी आले आणि ह्यांना म्हटलं, "बटण द्या." ह्यांनी ते दाढीच्या डब्यातून काढून जागेवर बसवलं. मग मी गोधडीची दाभण चुलीत तापवायला लावली. वाजायच्या बटणावर एक टोचा, मागे न्यायच्या बटणावर दोन, आणि लाल बटणावर आडवी खोल रेघ. जळक्या प्लॅस्टिकची घाण घरभर सुटली. नवी वस्तू नासवली म्हणून सासूबाई कुरकुरल्या. हे मात्र फुंकर मारत एकेक टोचा माझ्या बोटाखाली देत होते. "लागतंय का? अजून खोल करू?" आजारपणात मला कुणी विचारलेला हा पहिला धड प्रश्न. त्याबद्दल मी ह्यांची आभारी आहे, आणि हे मी सहसा कबूल करत नाही.

त्या दिवसापासून ह्यांनी वाचलेल्या धड्यांच्या पट्ट्या मी मोडते, माझ्या कॅसेटीच्या ठेवते. शाळा चालू आहे.

ज्यांची नजर जाते आहे त्यांना एवढंच सांगते. दया येईल, घेऊ नका. खूण मागा.

हे सगळं मी त्याच टेपवर बोलते आहे. रेघेवर बोट आहे. बोलून झालं की कॅसेट बाहेर काढीन आणि मागच्या पट्ट्या नखाने मोडीन. मग लाल बटण कुणीही दाबो.