मोठ्या पिल्लांचे डॉक्टर

“असं कुणी सांगितलं?”

डॉक्टरांचा पहिला प्रश्न हा असे. पिल्लाचं नाव, वय, दुखणं, सगळं त्यानंतर. कुणी म्हणालं, “डॉक्टर, अल्सेशियनच्या पिल्लाला नुसतं मटणच द्यायचं ना?” की हे चष्मा कपाळावर सरकवत आणि विचारत, “असं कुणी सांगितलं?” आवाजात टोमणा नसे. त्यांना खरंच जाणून घ्यायचं असे. मग मालक सांगे, शेजारच्या पारशाने, मेहुण्याने, इराण्याकडे चहा पिताना भेटलेल्या कुणीतरी. डॉक्टर मान हलवत. “असू दे. त्यांनी चांगल्यासाठीच सांगितलं असेल. आता पिल्लू काय म्हणतं ते बघू.”

मी तेव्हा जनावरांच्या डॉक्टरकीची परीक्षा देऊन नुकताच बाहेर पडलो होतो आणि परळला त्यांच्या हाताखाली काम करत होतो. त्या काळात तुम्ही त्या बाजूला राहिला असाल तर तो दवाखाना तुम्ही पाहिला असेल. चाळीच्या तळमजल्यावर दोन खोल्या, दारावर पाटी, बाहेर एक लाकडी बाक. टांग्याचे घोडे, तबेल्यातल्या म्हशी, मांजरं, सगळं येई. पण डॉक्टरांचं नाव झालं होतं ते मोठ्या जातीच्या पिल्लांसाठी. गोरे साहेब एकेक करून मायदेशी जात होते आणि त्यांच्या बंगल्यांवरची कुत्री, कुत्र्यांची पिल्लं गावभर वाटली जात होती. ज्यांच्या घरात पाहुणा आला तर उशी पुरत नसे, तिथे अल्सेशियन नि ग्रेट डेन वाढायला लागले होते.

शीव कोळीवाड्यातली एक कोळीण असंच एक पिल्लू टोपलीत घालून घेऊन आली होती. माटुंग्याच्या ज्या बंगल्यावर ती मासळी घालायची, तिथल्या साहेबाने जाताना ते तिच्या हवाली केलं होतं. ग्रेट डेनचं पिल्लू, तीन महिन्यांचं, पाय नुसते बांबूसारखे.

“डाक्टर, तू खरं सांग,” ती म्हणाली, “यो कुत्रा हाय का घोडा?”

“कुत्रा आहे. का?”

“रोज वाढतंय. मी बाजारातून घरी जाते तवर वाढलेलं असतंय.”

डॉक्टर खाली वाकून पिल्लाच्या बरगड्यांवरून बोटं फिरवत राहिले. मग म्हणाले, “भात आणि मासळी चालेल, काटे काढून. दूध, जमलं तर एखादं अंडं. पण एका वेळी परातभर नको, थोडं थोडं दे. आणि बरगड्या बोटांना लागल्या पाहिजेत. पिल्लू गुबगुबीत दिसलं की आपल्याला बरं वाटतं, पण ते ओझं त्याच्या कच्च्या हाडांवर पडतं.”

“शेजारीण म्हणते, पोराला भूक मारतेस.”

“तिला म्हणावं, पोर नाही, घोडा आहे.”

कोळीण हसली. आमच्या दवाखान्यात ती पुढे नियमाने यायची, पिल्लू बरं असलं तरी.

गिरगावातले एक हेडक्लार्क होते. जुनं घराणं, बोलणं अगदी स्वच्छ. त्यांच्या अल्सेशियनच्या पिल्लाचे कान उभे राहिले होते आणि अचानक पुन्हा पडले. ते इतके हवालदिल झाले की ऑफिसातून अर्ध्या दिवसाची रजा काढून आले. कुणीतरी त्यांना कानात पुठ्ठा घालून चिकटपट्टी लावायला सांगितलं होतं आणि त्यांनी ती लावलीही होती. पिल्लू एखाद्या नाटकातल्या राक्षसासारखं दिसत होतं.

डॉक्टरांनी पट्टी तेल लावून हळूहळू सोडवली, पिल्लाचा ओठ वर केला. “दात पडताहेत. या दिवसांत कान खाली येतात. नवे दात आले की बहुतेक पुन्हा वर जातील.”

“आणि नाहीच गेले तर?”

“तर काय? ऐकू तेवढंच येईल.”

असे हे डॉक्टर. जिना चढू द्यायचा का, सायकलच्या मागे पळवायचं का, माशाच्या यकृताचं तेल किती पाजायचं, फरशीवर झोपून कोपरं घासली जातात त्याला काय करायचं. तेच तेच प्रश्न दिवसभर यायचे. मी वैतागायचो. डॉक्टर प्रत्येकाला पहिल्यांदाच ऐकल्यासारखं उत्तर देत. मी एकदा म्हटलं, हे सगळं छापून दारावर लावू या. ते म्हणाले, “छापलेलं वाचून निघून जातील. पिल्लू कुठे बघायला मिळणार?”

संध्याकाळी गर्दी ओसरली की ते बाहेरच्या बाकावर येऊन बसत. तिथे त्यांचा एक सोबती असे. वरच्या मजल्यावर राहणारा, गिरणीत जॉबर, म्हणजे कामगारांवरचा मुकादम असलेला मालवणी माणूस. पहिली पाळी संपवून, आंघोळ करून, धुतलेला लेंगा घालून तो खाली येई. दोघांमध्ये एक चहा, दोन बशा. बोलणं बहुतेक संयुक्त महाराष्ट्राचं. मुंबई आपल्याला मिळणार की नाही यावर दोघे रोज नव्याने भांडत, खरं तर दोघांचंही म्हणणं एकच असे. शिवाजी पार्कच्या सभांना दोघे बरोबर जात. डॉक्टर गर्दीच्या कडेला उभे राहत, कुणी बोलवायला आलं तर निघता यावं म्हणून. जॉबर म्हणे, “डाक्टर, तुमी सभेक येतास की म्हशीची वाट बघतास?”

मग छप्पन सालचा तो जानेवारी आला. हरताळ, दगडफेक, अश्रुधूर, गोळीबार, संचारबंदी. आमच्या भागात काय झालं हे जुन्या माणसांना सांगायला नको. जॉबरचा धाकटा भाऊ, नुकताच गिरणीत लागलेला, कोपऱ्यावर उभा होता. त्याला गोळी लागली आणि तो तिथेच गेला.

डॉक्टर स्मशानात गेले. नंतर रोज संध्याकाळी वर जाऊन जॉबरच्या शेजारी बसू लागले. काही दिवसांनी जॉबर पुन्हा खाली बाकावर येऊन बसायला लागला. चहा यायचा, त्याच्या बशीत तसाच गार व्हायचा.

त्याच सुमारास नायगावच्या पोलीस लायनीतला एक फौजदार दवाखान्यात आला. साध्या कपड्यांत, अंधार पडल्यावर, घोंगडीत गुंडाळलेलं अल्सेशियनचं पिल्लू घेऊन. पिल्लू पाच महिन्यांचं होतं. डोळे चिकटलेले, नाक वाळून भेगाळलेलं, अंगात ताप, खोकला. डिस्टेंपर. त्या दिवसांत या रोगाने दहातली निम्मी पिल्लं हातची जायची. लहान वयात तर विचारायलाच नको.

डॉक्टरांनी तपासलं. म्हणाले, “याला इथे ठेवावं लागेल. आतल्या खोलीत. तुम्ही रोज येऊन बघा.”

“रात्री येत जाईन,” फौजदार म्हणाला. “दिवसा बरं दिसणार नाही. तुम्हालाच त्रास.”

“दिवसा या. पिल्लू चोरीचं नाही.”

फौजदाराने पिल्लावरची घोंगडी नीट केली. मग म्हणाला, “डॉक्टर, त्या दिवशी माझी ड्यूटी या भागात नव्हती.”

“मी विचारलं नाही,” डॉक्टर म्हणाले.

तो गेल्यावर त्यांनी मला बजावलं, “या पिल्लाला फक्त मी हात लावणार. तू बाहेरची बघ. हा रोग हाताबरोबर दुसऱ्या पिल्लांकडे जातो.” ते खरंच होतं. पण चार दिवसांनी जे झालं ते पाहिल्यावर मला वाटलं, त्यांनी मला लोकांच्या रागापासूनही बाजूला ठेवलं होतं.

फौजदार दिवसा आला. चाळीने पाहिलं. संध्याकाळी जॉबर खाली आला तो बाकावर बसला नाही. सरळ आत आला.

“पोलिसाच्या कुत्र्याक औषद देतास, डाक्टर?”

“हो.”

“माझो भाव गेलो. तुमी त्याका खांदो दिलास.”

“दिला.”

“आणि आता ह्यां?”

डॉक्टरांच्या हातात बोरिकच्या पाण्यात भिजवलेला कापूस होता. तो त्यांनी खाली ठेवला. “तुमचं म्हणणं मला कळतं. मी तुमच्या जागी असतो तर मीही विचारलं असतं. पण पिल्लू आजारी आहे.”

“मरांदे त्याका.”

डॉक्टरांनी कापूस पुन्हा उचलला. जॉबर थोडा वेळ तसाच उभा राहिला. त्याला काहीतरी उत्तर हवं होतं, भांडण हवं होतं. ते मिळालं नाही तेव्हा तो वळला आणि निघून गेला. डॉक्टर दाराकडे बघत राहिले. मग मला म्हणाले, “स्टोव्ह पेटव. सुई उकळायची आहे.”

दुसऱ्या दिवशी सकाळी येऊन पाहतो तर दारावरच्या पाटीला डांबर फासलेलं. कुणी फासलं ते कळलं नाही, आणि डॉक्टरांनी चौकशीही केली नाही. रॉकेलचा बोळा घेऊन ते स्टुलावर चढले. पाटीच्या खालच्या भागात दवाखान्याची वेळ लिहिलेली होती, तेवढीच त्यांनी घासून स्वच्छ केली आणि खाली उतरले.

“नाव?” मी विचारलं.

“नाव सगळ्यांना माहीत आहे. वेळ दिसली पाहिजे.”

पुढचे काही आठवडे दवाखाना ओस होता. टांगेवाले तेवढे येत, घोड्याला राजकारण परवडत नाही म्हणून. गिरगावचे हेडक्लार्क एकदा येऊन गेले, दाराशीच उभे राहून कुजबुजल्यासारखं बोलले. कोळीण मात्र तिच्या घोड्याला दोरीने ओढत भर दुपारी आली. रोगाची लागण नको म्हणून डॉक्टरांनी तिला फुटपाथवरच थांबवलं आणि पिल्लू तिथेच तपासलं.

“लोक काय काय बोलतात तुला,” ती म्हणाली.

“कोण बोलतं?”

“सगला बाजार बोलतो.”

“बोलू दे. याची नखं वाढलीत.”

डॉक्टर अगदीच निर्विकार होते असं समजू नका. संध्याकाळी ते सवयीने बाकावर येऊन बसत आणि जिन्यावर पाऊल वाजलं की मान वर करत. जॉबर पलीकडच्या बाजूने निघून जाई. भावाचा महिना झाला त्या दिवशी डॉक्टर वर गेले. मी खालीच होतो. लवकर परत आले.

“बोलले का?” मी विचारलं.

“तो भिंतीकडे तोंड करून बसला होता. वहिनींनी पाणी दिलं.” थोड्या वेळाने पुन्हा म्हणाले, “पाणी दिलं.”

पिल्लू वाचलं. एक दिवस त्याने डॉक्टरांच्या हातातलं पातेलं स्वतःहून चाटलं, आणि तिथून त्याने मागे पाहिलं नाही. पण रोग जाताना खूण ठेवून गेला. त्याचा पुढचा डावा पाय सारखा झटके देई, झोपेतसुद्धा, जसा कुणीतरी दोरा ओढतोय. फौजदार न्यायला आला तेव्हा तो पाय पाहून त्याचा चेहरा पडला.

“हे जाईल?”

“नाही जाणार बहुतेक. त्याला दुखत नाही. ते त्या पायासकट धावायला शिकेल.”

फौजदाराला काहीतरी बोलायचं होतं. त्याने टोपी काढली, पुन्हा घातली. शेवटी म्हणाला, “माझी बदली मागून घेतली आहे. नाशिकला.” डॉक्टर म्हणाले, “चांगलं आहे. तिकडे पळायला मोकळी जागा असेल. पण वर्षाचं होईपर्यंत फार पळवू नका.” पिल्लाला घेऊन तो गेला. पुन्हा आम्हाला भेटला नाही.

गिऱ्हाईक हळूहळू परत आलं. पिल्लं आजारी पडायची थांबत नाहीत. पाटीवरचं डांबर उन्हाने तडकलं, पावसाने थोडं गेलं, बाकीचं राहिलं. जॉबर तेवढा आला नाही. जिन्यात समोरासमोर आले तर दोघे एकमेकांना वाट देत. डॉक्टर शिवाजी पार्कच्या सभांना एकटे जात आणि गर्दीच्या कडेला उभे राहत. जॉबरही त्या सभेत कुठेतरी पुढे असे. अशी चार वर्षं गेली.

डॉक्टर जाऊनही आता पुष्कळ वर्षं झाली. शेवटी ते पुण्याला बहिणीकडे होते, तिथे दुपारचे झोपले ते उठले नाहीत. मला दोन दिवसांनी कळलं. त्यांच्याविषयी कुणी विचारलं तर मी महाराष्ट्र राज्य झालं त्या संध्याकाळची गोष्ट सांगतो.

रोषणाई बघायला आणि सभेला जायचं म्हणून डॉक्टरांनी नवा मलमलचा सदरा घातला होता. डॉक्टरांच्या पत्नी, आमच्या काकू, तयार होऊन दवाखान्यातच आल्या होत्या. मीही निघणार होतो. तेवढ्यात लालबागकडून फटाक्यांचा धडाका सुरू झाला, आणि पाठोपाठ कोळीण आली. तिचं पिल्लू आता तिच्या छातीपर्यंत पोचणारा ग्रेट डेन झालं होतं आणि थरथर कापत होतं. दोरी तोडून ते थेट रस्त्यावर पळालं होतं. तिने धावत त्याला गाठलं होतं आणि आमच्याकडे आणलं होतं. मागून हेडक्लार्क, एका बाजूचा कान शेवटपर्यंत उभा न राहिलेल्या अल्सेशियनला घेऊन. लालबागला बहिणीकडे आले होते, तिथेच तो बिथरला. मग आणखी दोघे.

डॉक्टरांनी काकूंना शेजाऱ्यांबरोबर पाठवून दिलं. खिडक्या लावल्या, फटींत कापडं कोंबली. ग्रेट डेन त्यांच्या खुर्चीशी आला आणि आपलं ते एवढं मोठं डोकं त्याने त्यांच्या मांडीवर ठेवलं. ते दोन्ही हातांनी त्याचे कान दाबून बसले. बाहेर घोषणा चालल्या होत्या. ज्यासाठी ते इतकी वर्षं सभांना उभे राहिले, ते बाहेर चाललं होतं आणि हे आत लाळेने भिजलेल्या सदऱ्यात बसले होते. मी म्हटलं, “तुम्ही जा, मी थांबतो.” ते म्हणाले, “हात काढला की हा उठेल.”

दार ढकलून जॉबर आत आला. कपाळावर गुलाल, हातात पेढ्यांचा पुडा. सगळ्या चाळीला वाटत तो खाली आला असावा. तो दारातच थांबला. डॉक्टरांनी वर पाहिलं, पण हात काढले नाहीत.

जॉबर पुढे आला, पुड्यातून एक पेढा काढला आणि डॉक्टरांच्या तोंडाजवळ धरला.

“आ करा,” तो म्हणाला.

डॉक्टरांनी तोंड उघडलं. जॉबरने पेढा भरवला, मग लेंग्याला हात पुसून तो खुर्चीशेजारी खालीच बसला.

जॉबरने ग्रेट डेनकडे बघितलं. “ह्येका एक दिऊ?”

“नको,” डॉक्टर म्हणाले. “खवा बाधतो. तुम्ही त्याच्या पाठीवर हात ठेवा. दोन्ही ठेवा.”