तुमच्या घरी कोणी आहे का?

आमच्या ओळीत सात दुकानं. माझं झेरॉक्स आणि वह्या-पेनांचं, त्याला लागून वाइंडरकाकांचं. जळालेल्या मोटारी, पंखे, पाण्याचे पंप त्यांच्याकडे यायचे. आतली जळकी तार उपसून काढायची, खाचा साफ करायच्या, नवी तांब्याची तार गुंडाळून बसवायची, वर वॉर्निश पाजायचं. चाळीस वर्षं त्यांनी हेच केलं. खरं नाव पाटीवर होतं, पण पाटीचा रंग उडाला तसं तेही लोकांच्या तोंडातून गेलं.

तार गुंडाळताना वेढे मोजावे लागतात. कधी दोनशे, कधी साडेतीनशे. आकडा चुकला की सगळं उलगडून पहिल्यापासून. त्यामुळे काकांचे ओठ हलताना दिसले की हाक मारायची नाही, हे सगळ्या ओळीला ठाऊक होतं. गिऱ्हाईकसुद्धा दारात पंखा काखेत घेऊन गप्प उभं राहायचं. मी एकदा म्हणालो होतो, लांबून बघणाऱ्याला वाटेल तुम्ही देवाचं नाव घेताय. त्यावर म्हणाले, ते खातं आमच्या मंडळींकडे.

मंडळी म्हणजे काकू. एकतीस वर्षं एका प्रसूतिगृहात नर्स होत्या. आमच्या भागातल्या निम्म्या लोकांची पहिली आंघोळ त्यांच्या हातची, माझीही. भर दुकानात गिऱ्हाइकांसमोर सांगायच्या, हा जन्मला तेव्हा रडेचना, दोन चापट्या दिल्या तेव्हा कुठे तोंड उघडलं, आणि बघा, तेव्हापासून बंद नाही.

कामावरून आल्या की चहा घेऊन खिडकीपाशी बसायच्या, समोर दुसरी खुर्ची ओढायच्या आणि देवाशी बोलायच्या. पोथी नाही, मंत्र नाही. शेजारीण येऊन बसावी तसं. आज अमकीचं बाळंतपण अडलं होतं, तमकीचं बाळ निळं पडलंय, त्याच्याकडे बघ, आमच्या मुलीचा गणिताचा पेपर आहे, तिच्या डोक्यात थोडा उजेड पाड. काका आतल्या खोलीत पेपर वाचत हे ऐकायचे. त्यांना त्यात खटकण्यासारखं काही वाटलं नाही, आणि सामील व्हावंसंही वाटलं नाही.

काकूंना निवृत्त होऊन चार वर्षं झाली असतील तेव्हाची गोष्ट. एक दिवस भाजी घेऊन परतल्या त्या एक मजला आधीच थांबल्या आणि तिथल्या शिवणवाल्या ताईंच्या घरात शिरल्या. पिशवी ओट्यावर ठेवली, पंखा लावला आणि ताईंना विचारलं, माझं कपाट कुणी हलवलं? ताईंना आधी थट्टा वाटली. मग काकू रागावल्या, दुसऱ्याच्या घरात येऊन शिलाई मशीन मांडायला लाज वाटत नाही का म्हणाल्या. संध्याकाळी काका ही गोष्ट सांगताना हसत होते. मीही हसलो.

सहा महिन्यांनी हसण्यासारखं काही उरलं नाही. मोठ्या दवाखान्यात तपासण्या झाल्या. डॉक्टरांनी मेंदूचा फोटो दिव्यापुढे धरून समजावलं. काकांनी आपल्या भाषेत विचारलं, वाइंडिंग जळालंय की नुसतं कुठे जोड सुटलाय. डॉक्टर चांगले होते, त्यांना प्रश्न कळला. म्हणाले, हळूहळू जळतंय, आणि हे पुन्हा भरता येत नाही. काकांनी मान डोलावली, चिठ्ठी खिशात घातली आणि काकूंना हाताला धरून बसमध्ये चढवलं. खिडकीची जागा त्यांना दिली. त्या दिवशी तुम्हाला काय वाटलं, असं मी पुढे एकदा विचारलं. म्हणाले, काही वाटलं नाही, बसमध्ये गर्दी नव्हती एवढं लक्षात आहे.

त्यांनी दुकान दुपारी बंद ठेवायला सुरुवात केली. सकाळी दहा ते एक शिवणवाल्या ताई काकूंजवळ बसायच्या, आपलं हातशिवणाचं काम घेऊन वर यायच्या. उरलेलं काम काकांनी घरी नेलं. तार गुंडाळायचं हाताने फिरवायचं यंत्र खिडकीशी टेबलावर बसवलं. वेढे मोजणं सुरू झालं की काकू यायच्या आणि विचारायच्या, किती वाजले? आकडा जायचा. काका सांगायचे साडेतीन, तार उलगडायचे, पुन्हा एकपासून. पाच मिनिटांनी पुन्हा, किती वाजले? एका दुपारी एकच कॉइल चार वेळा केली. राग यायला हवा होता, म्हणाले, पण आला नाही.

ते आंघोळ घालायला शिकले. वेणी घालायला शिकले. पहिल्या वेण्या ट्रान्सफॉर्मरच्या केबलसारख्या घट्ट व्हायच्या, ताई सोडून पुन्हा घालायच्या. मुलगी दूरच्या गावी नोकरीला, पदरात दोन लहान मुलं. रोज फोन करायची, रडायची. बाबा, तुम्ही एकदा मोकळेपणी रडा, म्हणायची. काका म्हणायचे, बघतो. एखाद्या गिऱ्हाइकाने उद्यापर्यंत पंप द्याल का विचारल्यावर म्हणावं, तसंच.

काकूंचं खिडकीपाशी बसणं मात्र सुटलं नव्हतं. दिवे लागायच्या सुमाराला त्या न चुकता खुर्ची ओढायच्या. बोलणं अर्धवट व्हायला लागलं होतं, बाळांची नावं एकमेकांत मिसळत होती, तीस वर्षांपूर्वीचं बाळ कालचं होत होतं. काका तेव्हा मुद्दाम स्वयंपाकघरात जायचे आणि नळ मोठा सोडायचे. ज्याच्याशी ही जन्मभर बोलली त्याने हिचं हे केलं, आणि ही अजून त्याच्यासाठी खुर्ची ओढते, हे त्यांना बघवत नव्हतं.

वरच्या मजल्यावर एक निवृत्त मास्तर राहतात. सज्जन माणूस. एकदा जिन्यात त्यांनी काकांच्या खांद्यावर हात ठेवला आणि सांगितलं की देव आपल्याच माणसांची परीक्षा घेतो. काका म्हणाले, "मास्तर, मी या वर्गात कधी बसलोच नाही, माझी घेतली असती तर एक वेळ समजलं असतं. ती रोज हजर असायची." मास्तरांनी हात काढून घेतला. काका भाजीची पिशवी घेऊन वर गेले. एवढं बोललो तेही उगाच बोललो, असं त्यांना वाटलं.

मग तो रविवार आला. काकांनी काकूंना भात भरवला, तोंड पुसलं. काकूंनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. लग्नापासून त्यांनी काकांना अहोशिवाय दुसरी हाक मारली नव्हती. त्या दिवशी म्हणाल्या, "भाऊ, तुम्ही फार केलंत. आता जा. घरी वाट बघत असतील."

काका उठले. ताट घासलं. चपला घातल्या आणि जिन्यात जाऊन उभे राहिले. दहा-पंधरा मिनिटांनी पुन्हा दार वाजवलं, आत आले. काकू म्हणाल्या, या भाऊ, आज उशीर झाला. तेव्हापासून ते भाऊ झाले. फोनवर त्यांनी मुलीला हे सांगितलं नाही. मला सांगितलं, तेही पंख्याचं बेअरिंग ठोकता ठोकता, मान वर न करता.

त्या काळात मी त्यांना रोज बघत होतो. माणूस धडधाकट दिसत होता. दाढी वेळेवर, शर्ट धुतलेला, कामात चूक नाही. फक्त कुणी त्यांच्या अंगावर ओरडलं किंवा कुणी पेढा दिला, तरी चेहरा तोच. मुलीने एका संस्थेची माहिती पाठवली होती, अशा आजाऱ्यांना तिथे ठेवून घेतात. तो कागद मीच छापून दिला. त्यांनी घडी करून खिशात ठेवला.

पुढची गोष्ट त्यानंतर महिन्याभरातली, एका दुपारची. काका टेबलाशी बसून तारेच्या टोकांना सोल्डर लावत होते. काकू मागून आल्या आणि टेबलावरचं फडकं ओढलं. फडक्यावर सोल्डर वितळवायची तापलेली दांडी होती. ती काकूंच्या पायावर पडणार, तेवढ्यात काकांनी ती हवेतच धरली, आणि धरली ती तापलेल्या बाजूने.

काकूंनी ते पाहिलं आणि त्यांचा चेहरा बदलला, असं काका सांगतात. त्यांनी काकांचं मनगट पकडलं, ओढत नळाखाली नेलं आणि हात पाण्याखाली धरून ठेवला. काकांनी हात काढायला पाहिलं तर दटावलं. वॉर्डातला आवाज होता तो, कित्येक महिन्यांत ऐकू न आलेला. मग कपाटातून धुतलेला सुती पंचा काढला, फाडून पट्टी केली आणि बोटं मोकळी ठेवून तळहात असा बांधला की दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी विचारलं, कुणी बांधली?

गाठ मारताना काकूंनी विचारलं, "तुमच्या घरी कोणी आहे का पट्टी बदलायला?"

"आहे. बायको आहे."

"मग तिला सांगा, दोन दिवस ओली होऊ द्यायची नाही."

"सांगतो," काका म्हणाले.

संध्याकाळी काकूंनी नेहमीसारखी खुर्ची ओढली. काका स्वयंपाकघरात गेले, पण एका हाताने भांडी घासणं जमेना म्हणून नळ बंदच होता. त्यामुळे त्यांना सगळं ऐकू आलं.

काकू सांगत होत्या, "देवा, तो भाऊ येतो ना, त्याचा हात भाजलाय. तो म्हणतो बायको आहे, पण मला काही खरं वाटत नाही. शर्टाचं बटण तुटलंय त्याच्या, किती दिवस तसंच आहे. कोणी नाही रे त्याला. माझं ठीक आहे, माझ्याजवळ तो असतो. तू त्याच्याजवळ बसत जा."

काका दारात उभे राहिले. हात ठणकत होता. मग त्यांनी शर्टाकडे पाहिलं. वरून तिसरं बटण नव्हतं. त्यांच्या ते लक्षातच आलं नव्हतं.

मला वाटलं होतं ते सांगतील की तेव्हा रडू कोसळलं. तसं काही नाही, म्हणाले. नुसतं उभं राहिलो. हात फार दुखत होता, आणि कितीतरी दिवसांत काहीतरी दुखतंय हे कळत होतं. मग विचार आला की ही मला विसरली, मुलीला विसरली, स्वतःचं नाव विसरली, आणि तरी माझ्यासाठी कुणाकडे तरी शब्द टाकतेय. माझी ओळख नसताना. हे तिच्यात कुठून येतं? मेंदूतून म्हणावं तर तो मी दिव्यापुढे पाहिलाय.

काकूंना ते दारात दिसले. या भाऊ, बसा, म्हणाल्या. समोरची खुर्ची दिलेली होती, म्हणून काका खाली जमिनीवर बसले, भिंतीला टेकून. काकू बोलत राहिल्या, कुठल्याशा जुळ्यांबद्दल. अंधार पडेपर्यंत ते तिथेच होते. दुसऱ्या दिवशीही बसले. पुढे रोजच बसू लागले. संस्थेचा कागद त्यांनी मुलीला परत पाठवला, सध्या नको म्हणून, आणि महिन्यातून एकदा येऊन चार दिवस राहा असं सांगितलं. मुलगी येऊ लागली. यापूर्वी त्यांनी कुणाकडे काही मागितलेलं मी पाहिलं नव्हतं.

काकू त्यानंतर चौदा महिने होत्या. शेवटच्या पाच महिन्यांत शब्द गेले. खिडकीपाशी नेऊन बसवलं की बसायच्या, ओठ थोडे हलायचे. तेव्हा बोलायचं काम काकांवर आलं. त्यांना काय येत होतं बोलायला? आज तिने चार घास खाल्ले, पाठीवरची जखम सुकतेय, पिठाच्या गिरणीची मोटर पुन्हा जळून आलीये, मोटरवर किती लोड टाकायचा याची त्या माणसाला अक्कल दे. शिवणवाल्या ताईंनी एकदा जिन्यातून ऐकलं आणि त्यांना वाटलं, कोणीतरी पाहुणे आलेत.

एका दुपारी, छातीत कफ भरून, काकू गेल्या. मुलगी पोचली होती. काका त्यांचा पाय धरून बसले होते. सगळं आटोपल्यावर ते माझ्या दुकानात आले, स्टुलावर बसले आणि मृत्यूच्या दाखल्याच्या दहा प्रती काढायला सांगितल्या. मशीन चालू असताना मी विचारलं. कितीतरी महिने विचारायचं होतं. म्हटलं, काका, त्या संध्याकाळच्या बसण्यातून तुम्हाला काही मिळालं का? म्हणजे, काही जाणवलं का?

ते मशीनच्या उजेडाकडे बघत होते. म्हणाले, "उत्तर म्हणशील तर कधी आलं नाही. ती बरीही झाली नाही. पण आपण घरी येतो, दिवा लावायच्या आधीच कळतं ना, घरात कोणी आहे की नाही? तेवढंच. कोणी आहे, एवढं कळायचं."

"आणि आता?"

"आता घर रिकामं आहे," ते म्हणाले. मग प्रती हातात घेत म्हणाले, "म्हणजे, ती नाहीये."

प्रती मोजून पाकिटात घातल्या आणि गेले. डोळे कोरडेच होते. मुलीने बरोबर चला म्हणून फार आग्रह केला. काका महिनाभर राहून आले आणि दुकान उघडलं.

गेल्या पावसाळ्यात मागच्या गल्लीतला कुलूपवाला त्यांना शोधत आला. त्याच्या बायकोला तोच आजार. माणूस जेमतेम पन्नाशीचा, पुरता गांगरलेला. ती नखं कापू देत नाही, ओरबाडते, हाताला धरलं की किंचाळते. काका तार गुंडाळत होते. तो दारात आल्या आल्याच बोलायला लागला, ओठांकडे त्याचं लक्षच नव्हतं. मी हातानेच त्याला थांब म्हणून खूण केली.

काकांनी यंत्र सोडलं. म्हणाले, "आधी कोमट पाण्यात हात बुडवून ठेवायचे, दहा मिनिटं. आणि समोर बसायचं नाही, शेजारी बसायचं. चल, दाखवतो."

शटर अर्धं ओढून ते त्याच्याबरोबर गेले.